समुद्र, प्रकाश आणि कॅमेरा : ओल्या काचेपासून मोबाइलपर्यंत



श्रीगोंद्यात समुद्राच्या फोटोंवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आजचा विषय वाचून पुष्कळांना पडला असेल. आपल्याकडे पाणी म्हटलं की भीमा, घोड, नाहीतर विसापूरचा तलाव. पण नकाशा उघडून श्रीगोंद्यापासून सरळ पश्चिमेला पट्टी लावली, तर ती सह्याद्री ओलांडून जवळजवळ अलिबागलाच समुद्राला भिडते. दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत अंतर सुमारे १९० किलोमीटर. रस्त्यानं जायचं तर घाटामुळं ते बरंच वाढतं. म्हणजे समुद्र आपल्या शेजारचा नाही, पण दिवसभराच्या प्रवासात गाठता येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो आधी फोटोत पाहिलाय आणि मग प्रत्यक्षात. म्हणून फोटोतला समुद्र कसा तयार होतो, हे आपल्याला किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा जास्त कळायला हवं.

विषयाला धरून एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. मोबाइलवर समुद्राचा फोटो छान येत होता. मग हौसेनं मोठा कॅमेरा घेतला, लेन्स बदलता येणारा. आणि पहिल्याच सहलीत आकाश पांढरंफटक, नाहीतर समुद्र काळाकुट्ट. पैसे जास्त गेले आणि फोटो बिघडला! दुकानदारानं फसवलं की काय?

दुकानदारानं फसवलेलं नाही. ही तक्रार पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला की नवा कॅमेरा शिकायचा म्हणजे नक्की काय शिकायचं ते उलगडतं. आमचं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून ठेवतो. साधा कॅमेरा आपल्या वतीनं निर्णय घेतो आणि ते लपवतो, प्रगत कॅमेरा तेच निर्णय आपल्या हातात परत देतो. आणि ते निर्णय समुद्रावर जितके उघडे पडतात तितके दुसरीकडे कुठंच पडत नाहीत.

आता सुरुवातीपासून बघू.

फोटोग्राफीचा शोध जगापुढं जाहीर झाला १८३९ मध्ये. पुढं १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानं कोलोडियनची पद्धत मांडली. काचेवर एक चिकट द्रव पसरायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. ओली असतानाच ती धुवायचीही. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे फोटोग्राफर जिथं जाईल तिथं त्याचा तंबू, रसायनं आणि काळोखी खोली बरोबर.

या पद्धतीचं एक वैशिष्ट्य होतं. तिला निळा प्रकाश फार लवकर दिसायचा, आणि लाल-पिवळा जवळजवळ दिसायचाच नाही. परिणाम काय? जमीन नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवली, तर निळं आकाश जळून पांढरं व्हायचं. त्या काळातली जुनी चित्रं बघा, आकाशात एकही ढग नाही. ढग नव्हते असं नाही, काचेला ते टिकवता आले नाहीत. डोंगराच्या किंवा इमारतीच्या फोटोत हे खपून जातं. समुद्राच्या फोटोत अर्धं चित्र आकाशाचंच असतं, तिथं ते खपत नाही. शिवाय समुद्र हलतो. काच जास्त वेळ उघडी ठेवली तर लाटेचं धुकं होतं, कमी वेळ ठेवली तर पाणी काळं राहतं.

फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फोटोग्राफरनं १८५६-५७ च्या सुमारास ही गाठ सोडवली. त्याच्या दोन युक्त्या होत्या. एक म्हणजे सूर्याकडं पाठ करायच्याऐवजी तो प्रकाशाकडं तोंड करून उभा राहिला. चकाकणाऱ्या पाण्यातून इतका प्रकाश येतो की काच थोडाच वेळ उघडावी लागते आणि लाट लाटेसारखी उमटते. त्याचं जहाजाचं एक चित्र चांदण्यातलं म्हणून गाजलं, पण ते भर दिवसा घेतलेलं होतं. दुसरी युक्ती अशी की काही चित्रांत त्यानं आकाशासाठी एक काच आणि समुद्रासाठी दुसरी काच वापरली, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकच कागद छापला. लंडन-पॅरिसमध्ये लोक थक्क झाले. मागणी खूप आली, तरी ल ग्रेचा धंदा बसला. १८६० मध्ये त्यानं पॅरिस सोडलं आणि शेवटी कैरोत त्याचं आयुष्य संपलं. पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ती जोडलेली रेषा. जगातल्या पहिल्या गाजलेल्या समुद्राच्या फोटोंपैकी काही जोडून केलेले होते, आणि ती जोडणी करणाऱ्या माणसाला पक्की माहीत होती.

हे सगळं युरोपात चाललं होतं आणि आपण मागं होतो असं समजू नका. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भारतातली पहिली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः फोटो घ्यायचे. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ च्या सुमाराला फोटोग्राफी शिकवायचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढं मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. विचार करा, पुण्याला अजून रेल्वे पोचलेली नाही, १८५७ व्हायचंय, आणि मुंबईत आपली माणसं वर्गात बसून काच ओली कशी करायची ते शिकतायत.

पण या लोकांचं जे काम पुढं आलं ते मुख्यतः माणसांचं आणि इमारतींचं. त्याला व्यावहारिक कारणं होती. मुंबईच्या उन्हात ओली काच लवकर वाळते. पावसाळ्यात चार महिने समुद्र बघवत नाही. आणि गिऱ्हाईक स्वतःचा फोटो काढून घ्यायला पैसे देतं, लाटेचा फोटो काढायला कोण देणार?

याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचे फोटोग्राफर होते. त्यांनी मुंबईतल्या जातीजमातींचा एक सचित्र संग्रह केला, दोन भागांत, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातली माणसं एका ठिकाणी घेतलेली आणि त्यांच्या मागचं दृश्य दुसऱ्या ठिकाणचं. दोन फोटो जोडून एक केलेला. हातचलाखी जवळपास ल ग्रेचीच, पण हेतू बघा. ल ग्रेनं आकाश जोडलं, कारण त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आकाश काचेला पेलत नव्हतं. जॉन्सननं माणसामागं जागा जोडली, आणि ते माणूस त्या जागी उभं होतं असा भास तयार झाला. पाहणारा म्हणाला, अच्छा, हे लोक असे, इथं राहतात. तंत्र तेच, पण एकात जे दिसलं ते दाखवलं गेलं आणि दुसऱ्यात जे नव्हतं ते. हा फरक पुढं आपल्याला लागणार आहे.

आता तीसेक वर्षं पुढं येऊ. ७ जुलै १८९६. मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. दाखवलेल्या सहा चित्रांतलं एक होतं समुद्रस्नानाचं. गंमत बघा. जुलै महिना, बाहेर पावसाळा, चालत थोड्या अंतरावर खरा अरबी समुद्र खवळलेला, आणि आत लोक एक रुपया देऊन परदेशातल्या लाटा बघतायत! पण त्यात नवल नाही. साठ वर्षं कॅमेऱ्याला जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी दिसलं. लाट आली, फुटली आणि परत गेली.

त्या काळात मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा फोटो स्टुडिओ होता. लोक त्यांना सावे दादा म्हणत. स्थिर फोटोत मुरलेला हा माणूस ल्युमिएरचा खेळ बघून स्वस्थ बसला नाही. त्यांनी इंग्लंडहून रायली कंपनीचा हलत्या चित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीची फिल्म घेतली, आणि ती धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. पुढं केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं चित्रण त्यांनी केलं, ते आपल्याकडचं पहिलं वृत्तचित्र मानतात.

आजच्या विषयात सावे दादांना आम्ही मुद्दाम आणलं. जवळ असलेल्या कॅमेऱ्यावर उत्तम चाललेलं असताना अधिक प्रगत यंत्र घ्यायचं आणि पुन्हा विद्यार्थी व्हायचं, याचं आपल्या मातीतलं हे ठळक उदाहरण. स्थिर फोटोत फोटोग्राफर म्हणतो, हलू नका. हलत्या चित्रात त्याला हलण्याचीच वाट बघावी लागते. जुनी सवय तिथं कामाला येत नाही. नवं यंत्र शिकायचं म्हणजे नवी बटणं पाठ करायची, असा आपला समज असतो. खरं तर वेळेकडं बघायची नजर बदलावी लागते.

दरम्यान उलट दिशेनंही प्रवास चालू होता. १८७१ मध्ये मॅडॉक्सनं कोरड्या काचेची पद्धत मांडली, आणि पुढच्या दहा वर्षांत ओल्या काचेचा तंबू इतिहासजमा झाला. १८८८ मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला, शंभर फोटोंची गुंडाळी आत भरलेली. तुम्ही बटण दाबा, फोटो संपले की कॅमेरा कारखान्यात पाठवा. फोटो घरोघरी पोचला ही मोठी गोष्ट झाली. पण प्रकाश किती आणि वेळ किती हा निर्णय तिथं माणसाच्या हातून यंत्रात गेला.

आपल्याकडं हा प्रकार आला तो क्लिक थ्रीच्या रूपानं. इथं बसलेल्या ज्येष्ठ मंडळींच्या घरात तो असेल. बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा आग्फाचा कॅमेरा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. शटरचा वेग एकच. ऊन, ढग आणि पिवळा फिल्टर अशा खुणा. बास. लग्नं, मुंजी, शाळेच्या सहली, सगळं त्यानं निभावलं. तो पिवळा फिल्टर कशाला होता माहीत आहे? निळं आकाश थोडं गडद करून ढग दिसावेत म्हणून. म्हणजे ल ग्रेचीच अडचण, शंभर वर्षांनी एका खुणेत बसवलेली. फिल्मही पुढं आपल्याकडं बनू लागली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदु' फिल्म पुष्कळांना आठवत असेल.

आता क्लिक थ्री घेऊन कुणी समुद्रावर गेला तर काय होणार? लाट थांबवायची की वाहू द्यायची, हे त्याच्या हातात नाही. शटरचा वेग कारखान्यानं ठरवून टाकलाय. फोटो चांगला आला तरी तो निर्णय त्याचा नाही, वाईट आला तरी नाही.

म्हणून अधिक प्रगत कॅमेरा हातात आला की पहिल्यांदा माणूस गोंधळतो. तीन गोष्टी एकदम समोर येतात. भोक किती उघडायचं, म्हणजे अॅपर्चर. किती वेळ उघडायचं, म्हणजे शटर. आणि आयएसओ, म्हणजे तोच प्रकाश किती वाढवून घ्यायचा. पूर्वी फिल्मच्या डब्यातल्या चिठ्ठीवर एक हिशोब असायचा. कडक उन्हात अॅपर्चर एफ १६ ठेवा आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं, म्हणजे १०० ची फिल्म तर साधारण सेकंदाचा शंभरावा भाग. उन्हातली वाळू असेल तर एक घर पुढं, एफ २२. हा हिशोब आजच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही लागू पडतो.

मग कॅमेऱ्यातला मीटर कशाला असतो? तो मदत करतो, पण त्याची एक समजूत आहे. समोर जे असेल ते सरासरीनं मध्यम करडं आहे, असं तो धरून चालतो. अंगणाचा, शेताचा फोटो असेल तर ही समजूत बरीच खरी ठरते. समुद्रावर ती फसते. फुटणाऱ्या लाटेचा पांढरा फेस दिसला की मीटर म्हणतो प्रकाश फार आहे, कमी कर. आणि फेस मळकट येतो. तिथं आपण एक स्टॉप वाढवायचा. संध्याकाळी काळ्या खडकांवर मीटर उलटं वागतो, तिथं कमी करायचा. नव्या कॅमेऱ्यात अधिक-उणेची खूण असते ती याच कामासाठी. स्वयंचलित फोकसही १९८५ नंतर, मिनोल्टा ७००० पासून सर्रास झाला, पण सपाट पाण्यावर आणि धुक्यात त्याला धरायला काही सापडत नाही आणि लेन्स नुसती पुढं-मागं होत राहते. अशा वेळी होडीच्या कडेवर किंवा खडकावर फोकस धरून ठेवावा.

आता वेळेचा निर्णय. सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तर लाटेतला थेंब न् थेंब हवेत थांबतो. पाव सेकंद ठेवला तर परतणाऱ्या पाण्याच्या रेघा वाळूवर उमटतात, त्यासाठी तिकाटणं हवं. आणि दहा स्टॉपचा काळा फिल्टर लावला तर सेकंदाच्या तिसाव्या भागाचं काम अर्ध्या मिनिटाचं होतं, समुद्राचं दूध होतं. यातलं बरोबर कोणतं? तिन्ही. फक्त आपण कोणतं घेतलं आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

कॅमेऱ्याच्या बाहेरचंही एक घड्याळ आहे, भरती-ओहोटीचं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला मध्ये पाणी येतं. आपल्याला समुद्र नसला तरी पंचांग आहे. कोकणात एक ठोकळ हिशोब चालतो, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जवळपास, म्हणून त्या दिवशी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पडते. बघा, तिरपं ऊन आणि ओली उघडी वाळू एकाच वेळी! फोटोसाठी याहून चांगला मुहूर्त नाही. मात्र खडकावर किंवा किल्ल्यात जाताना या ठोकळ हिशोबावर विसंबू नका. त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा आणि तिथल्या कोळी बांधवांना विचारा.

आता पुन्हा त्या तक्रारीकडं येऊ. मोबाइलवर चांगला येणारा फोटो मोठ्या कॅमेऱ्यावर का बिघडला? सूर्यास्ताच्या वेळी आकाश आणि पाणी यांच्या उजेडात सहज आठ ते सोळा पट फरक असतो. आजचा मोबाइल तुम्ही एकदा बटण दाबलं की अनेक फोटो घेतो, आकाश एकातून उचलतो, पाणी दुसऱ्यातून, आणि जोडून देतो. ल ग्रेच्या दोन काचाच त्या! फरक इतकाच की ल ग्रेला जोड कुठं आहे ते माहीत होतं, आपल्याला जोड आहे हेही माहीत नसतं. मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो बिघडवला नाही. एका फोटोत एका वेळी जेवढं मावतं तेवढंच त्यानं दाखवलं आणि विचारलं, आता सांगा, आकाश वाचवू की पाणी?

यात फरक कशाला पडतो, छान दिसल्याशी मतलब, असं कुणी म्हणेल. फरक पडतो, कारण फोटो नुसता शोभेचा नसतो, तो पुरावाही असतो. मुंबईचे जुने फोटो बघा. बॅक बे भरून काढण्यापूर्वी चर्चगेटच्या बाजूची रेल्वे समुद्राला लागून धावायची. आज मरीन ड्राइव्हवर उभं राहून ते खरं वाटत नाही, फोटोमुळं वाटतं. आपल्या डोळ्यांदेखत वरळी, हाजी अलीचा किनारा बदलला, २०२४ मध्ये तिथला सागरी रस्ता सुरू झाला. त्याआधीचा किनारा, त्यावरच्या होड्या, जाळी वाळवायच्या जागा कुणी घेऊन ठेवल्या? अर्ध्या मिनिटाच्या शटरमध्ये समुद्र मऊ दिसतो खरा, पण डोलणारी होडी पुसट होते आणि चालणारा माणूस नाहीसा होतो. सगळ्यांनी तसेच फोटो घेतले तर पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला वाटेल की या किनाऱ्यावर कुणी राहतच नव्हतं. जॉन्सननं माणूस नसलेल्या जागी उभा केला, आपण असलेल्या जागेवरून उठवू.

दुसरं उदाहरणही आपल्याकडंच आहे. नौदलात छायाचित्रकार म्हणून काम केलेले गोपाळ बोधे, ज्यांचं २०१४ मध्ये निधन झालं. त्यांनी हवेतून आपला किनारा, जलदुर्ग, दीपगृहं टिपली. ते फोटो सुंदर आहेतच, पण खाडी कुठं होती, वाळू कुठवर होती, वस्ती किती होती, हे पुढच्या माणसाला त्यातून वाचता येतं.

तेव्हा श्रीगोंद्यातल्या मंडळींनी समुद्राचा अभ्यास कुठं करायचा? इथंच. पेडगावला भीमेच्या काठी संध्याकाळी जा. विसापूरच्या तलावावर वाऱ्याच्या दिवशी जा. एकच जागा, तिकाटणं न हलवता, शटरचे पाच वेग. एकदा आकाशावर मीटर धरून, एकदा पाण्यावर. आणि प्रत्येक फोटोखाली वहीत एक ओळ, की काय वाचवलं आणि काय सोडलं. दोन फोटो जोडलेत तर तेही लिहा. जोडणं हा गुन्हा नाही, लपवणं वाईट. दोन-चार महिने हे केलंत की अलिबागच्या वाळूवर कॅमेरा तुम्हाला प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर तयार असेल.

एक शेवटची, अगदी व्यवहाराची सूचना. खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलू नका, आणि परत आल्यावर कॅमेरा आधी किंचित ओलसर, मग कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मिठाचे कण कोरडे घासले तर काचेवर ओरखडे येतात.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.